नाक माझं चोंदलंय आणि वैद्य म्हणतो फुप्फुस गारठलंय (कोरियातून)

सुवॉनकरीण
मंडळी, सुवॉनला येऊन हे चौथं वर्ष. पुण्यात असताना मला सर्दी व्हायची ती पावसाळ्यात, चार दिवस, गवती चहा घेतला की गेली. इथे मार्च ते मे आणि परत सप्टेंबर ते नोव्हेंबर नाक म्हणजे वायसर गेलेला नळ. सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका. रात्री एक नाकपुडी बंद, कूस बदलली की दुसरी बंद. मग तोंड उघडं टाकून झोपायचं आणि पहाटे जीभ टाळूला चिकटलेली. इथे याला 'बीयॉम' म्हणतात. ऑफिसात हा शब्द आपल्याकडे 'ॲसिडिटी' म्हणावं इतक्या सहज कानावर येतो.

शेवटी ऑफिसातल्या एका बाईंनी हाताला धरून हानिवॉनमध्ये नेलं. हानिवॉन म्हणजे कोरियन पारंपरिक वैद्यकाचा दवाखाना. आपल्याकडे मेडिकलची दुकानं असतात तसे जागोजागी असतात. वैद्य सहा वर्षं कॉलेज करून, परीक्षा देऊन परवाना घेतलेला असतो, जडीबुटीवाला नाही. त्याने बारीक कॅमेऱ्याने नाकात अर्धा मिनिट पाहिलं. पुढची वीस मिनिटं मात्र नाकाशी काडीचा संबंध नसलेले प्रश्न. पाय गार पडतात का? पाणी गार पिता की कोमट? शौचाला कसं होतं? घाम मानेला येतो की तळहाताला? दोन्ही हातांची नाडी तीन तीन बोटांनी. आणि मग म्हणाला, नाक बिचारं ठीक आहे, फुप्फुस गारठलंय.

त्याचं म्हणणं असं: नाक हे फुप्फुसाचं दार. पातळ पाण्यासारखा शेंबूड म्हणजे आत गारठा, घट्ट पिवळा असेल तर आत उष्णता. दारात पाणी आलं म्हणून उंबरठा पुसत बसलात तर काय उपयोग, आत पाइप फुटलाय तो बघा.

आता आठवड्यातून दोनदा सुया (ॲक्युपंक्चर) आणि तीन महिने काढा घ्यायला सांगितलंय. सुया विम्यात बसतात. काढ्याचं महिन्याचं बिल मात्र तीन लाख वॉन, म्हणजे अठरा-एकोणीस हजार रुपये. तर प्रश्न दोन. या फुप्फुसाच्या सिद्धांतात काही तथ्य आहे का? आणि काढा घेऊ का?

आगाऊ_कार्टा
अठरा हजारात आमच्याकडे नाक बदलून मिळतं.

रंकाळ्यावरचा
आमच्यात नाक चोंदलं की तांबडा रस्सा वरपायचा. दोन वाट्यांत नाक, कान, डोळं समदं मोकळं. फुप्फुसाचं कुणी इचारत न्हाई.

पुरावा_दाखवा
'फुप्फुस गारठलंय' हे मोजलं कशाने? थर्मामीटर कुठे लावला होता? शरीराच्या आतलं तापमान दोन अंशांनी जरी उतरलं तरी माणूस हानिवॉनमध्ये चालत जाणार नाही, स्ट्रेचरवरून थेट हॉस्पिटलात जाईल. ताई, ॲलर्जीची तपासणी करा, स्टिरॉइडचा स्प्रे सुरू करा आणि तीन लाख वॉन वाचवा.

आजीची_कुंची
वाचतेय. माझा मुलगा (वय ६) कायम तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतोसुद्धा. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की जाईल. म्हणून विषय जवळचा.

कानघशी
मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, तेव्हा दोन पैसे माझेही.

आधी श्वासाचं. नाक हे भोक आहे असं लोकांना वाटतं. ते यंत्र आहे. आत दोन्ही बाजूंना रक्ताने भरलेल्या मऊ वळ्या असतात, आम्ही त्यांना टर्बिनेट म्हणतो. बाहेर शून्य अंश असो की चाळीस, हवा घशापर्यंत पोचते तोवर या वळ्या तिला तीस अंशांच्या वर नेऊन ठेवतात आणि ओलही देतात. श्वासमार्गाचा जो एकूण अडथळा असतो त्यातला साधारण निम्मा एकट्या नाकाचा. शिवाय सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, तो नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर खाली जातो आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करतो. तोंडाने श्वास घेतला की यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही.

सुवॉनकरीण, कूस बदलली की नाकपुडी बदलते ते बिघाडाचं लक्षण नाही. खालच्या बाजूच्या वळ्या फुगतात, वरच्या ओसरतात. जागेपणीही दर काही तासांनी नाकपुड्यांची पाळी बदलते. निरोगी माणसाला कळत नाही, तुमच्या वळ्या आधीच सुजलेल्या म्हणून कळतं.

गंमत म्हणजे 'नाक मोकळं वाटणं' आणि 'मोकळं असणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुदिन्याच्या अर्काने नाक उघडत नाही, आतल्या गारव्याच्या चेता जाग्या होतात आणि मेंदूला वाटतं हवा आली. याच्या उलट, ऑपरेशनमध्ये या वळ्या जास्त कापल्या गेल्या तर नाक भुयारासारखं रिकामं होतं आणि पेशंट म्हणतो, जीव गुदमरतोय.

आता फुप्फुसाचं. गारठा वगैरे मला कळत नाही. पण नाक आणि फुप्फुस हा एकच रस्ता आहे, हे आता आम्हीही म्हणतो. ॲलर्जीची सर्दी आणि दमा यांचा एकत्र विचार करायचा, असं सांगणारी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २००१ साली आली. दम्याच्या बहुतेक पेशंटांचं नाकही बिघडलेलं असतं, आणि नाकाचे उपचार नीट केले की पुष्कळदा दमाही आटोक्यात राहतो. तुमच्या वैद्याचं कारण मला पटत नाही, पण बोट त्याने योग्य जागी ठेवलंय.

आजीची_कुंची, सहा वर्षांचं मूल रोज घोरत असेल तर वाट बघू नका. बहुधा नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्या असतील. दाखवून घ्या.

पुरावा_दाखवा
@कानघशी, हे म्हणजे बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं तसं झालं. त्याच शास्त्रात मूत्रपिंडाचं दार कान, यकृताचं दार डोळे, हृदयाचं दार जीभ आणि प्लीहेचं दार तोंड, असंही आहे. पाचातला एक नेम लागला की 'बघा, आधीच सांगितलं होतं', आणि उरलेल्या चारांबद्दल मौन.

आगाऊ_कार्टा
काविळीत डोळे पिवळे होतात की! दोन नेम लागले. :)

कडूकिराईत
मी आयुर्वेदाचा वैद्य. गंमत बघा, कोरियन वैद्य म्हणतो नाक फुप्फुसाचं दार आणि आमचे वाग्भट म्हणतात नाक हे डोक्याचं दार. नाक एकच, घर वेगळं. म्हणून आमचा भर नस्यावर: औषध नाकातून घालायचं आणि ते वर जातं अशी कल्पना. त्यांचा भर पोटातून काढा देण्यावर. एकाच नाकपुडीतून एक वर बघतोय, एक खाली.

पाण्यासारख्या सर्दीला आम्हीही कफ-वाताकडे नेतो आणि घट्ट पिवळ्याला पित्ताची संगत लावतो, त्यामुळे तुमच्या वैद्याची विभागणी मला परकी वाटली नाही. त्यांच्याकडे या दोहोंना वेगवेगळी नावं असतील ना?

सुवॉनकरीण
@कडूकिराईत, आहेत. पातळ वाहतं ते 'बीगू', घट्ट गढूळ येतं ते 'बीयॉन'. बी म्हणजे नाक.

वैद्याच्या टेबलामागे 'दोंगइबोगाम' या जुन्या कोरियन वैद्यकग्रंथाचे जाडजूड खंड मांडलेले आहेत. राजा सॉन्जोने १५९६ साली हॉ जुन नावाच्या राजवैद्याला हे काम दिलं. जपानशी युद्ध चालू होतं, पुढच्याच वर्षी परत स्वारी झाली आणि सोबतची मंडळी पांगली. गडी एकटा लिहीत राहिला. १६१० ला ग्रंथ पुरा झाला, १६१३ ला छापला, पंचवीस खंड. २००९ मध्ये युनेस्कोने तो जागतिक स्मृतीच्या यादीत घेतला.

त्यात नाकाचं प्रकरण उघडतं तेच नाकाला 'शिल्ल्यॉ' म्हणून. वैद्याने अर्थ सांगितला: चैतन्याची झोपडी. प्राण इथून ये-जा करतो म्हणून झोपडी झाडूनपुसून ठेवावी. शेंबडाबद्दल इतकं सुंदर मी आजवर काही ऐकलेलं नाही.

बार्देसकार
पण हे सगळं चिनीच ना शेवटी? नाव बदललं म्हणून झालं?

सुवॉनकरीण
@बार्देसकार, हे इथे मोठ्याने विचारू नका. मूळ ग्रंथ आणि परिभाषा पुष्कळशी चिनी, हे खुद्द दोंगइबोगाममध्येही लपवलेलं नाही, कुठून काय घेतलं ते जागोजागी दिलंय. पण हॉ जुनने इथल्या वनस्पतींची नावं लोकांच्या भाषेत, हांगुल लिपीत लिहून ठेवली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ई जे-मा यांनी माणसांचे चार प्रकृतिगट मांडले, ते खास इथलंच. 'हानिहाक' (कोरियन पारंपरिक वैद्यक) या नावातला 'हान' आधी चिनी हान होता, १९८६ मध्ये अधिकृतपणे कोरियाचा हान झाला. उच्चार तोच, अक्षर बदललं. आपल्याकडे नुसत्या ऱ्हस्व-दीर्घावरून शंभर प्रतिसाद पडतात, तेव्हा त्यांना नावं ठेवू नये.

बाय द वे, मला 'तेऊमिन' गटात टाकलंय. यकृत मोठं, फुप्फुस दुबळं. नवऱ्याने लगेच 'आवाजावरून वाटत नाही' असा शेरा मारला.

संत्रा_बर्फी
नागपुरात उन्हाळ्यात कूलरसमोर झोपलं की माझंही हेच होते. कोरियात तर थंडी, मग हवा कोरडी कशी काय?

सुवॉनकरीण
@संत्रा_बर्फी, हिवाळ्यात जमीन तापवतात, ओंदोल. पाय मस्त शेकतात पण खोलीतली हवा पापडासारखी. रात्री ओले टॉवेल खुर्चीवर टाकून झोपतात लोक. आर्द्रता वाढवणारी यंत्रंही असतात, पण त्यांच्या पाण्यात टाकायच्या जंतुनाशकाने लोकांची फुप्फुसं निकामी होऊन मृत्यू झाले, हे २०११ मध्ये उघडकीला आलं. तेव्हापासून माझ्यासारख्या कित्येकांचा विश्वास ओल्या टॉवेलवर. आणि वसंतात गोबीच्या वाळवंटाकडून पिवळी धूळ येते, 'ह्वांगसा'. गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येतं.

ह्यूस्टनवासी
जलनेती करा, विषय संपला. मी दहा वर्षं करतोय. फक्त एक: नळाचं पाणी थेट वापरू नका. इथे लुइझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघं मेंदू खाणाऱ्या अमीबाने गेले. उकळून गार केलेलं पाणी घ्या.

कानघशी
@ह्यूस्टनवासी, +१. आणि केरळात अलीकडे याच अमीबाच्या केसेस झाल्यात, तेव्हा हे फक्त अमेरिकेचं नाही. नाक ठार बंद असताना नेती रेटू नका. तसंच मेडिकलमधून परस्पर आणलेले नाक उघडायचे थेंब तीन-चार दिवसांपेक्षा जास्त नकोत. नंतर नाक त्या थेंबांशिवाय उघडतच नाही. उशीखाली बाटली ठेवून वर्षानुवर्षं झोपणारे पेशंट माझ्याकडे दर आठवड्याला येतात.

सुवॉनकरीण
काढा सुरू केला. (पुरावा_दाखवा, ओरडू नका.) चौकशीत कळलं की एप्रिल २०२४ पासून ॲलर्जीची सर्दीही काढ्यांच्या प्रायोगिक विमायोजनेत आली आहे. पहिले वीस दिवस त्यातून मिळाले, मला तीस टक्केच भरावे लागले.

घरी उकळायचं काही नाही. चहाच्या मसाल्याएवढी प्लास्टिकची पाकिटं, खोक्यात रांगेने. गरम पाण्यात ठेवायचं, कोपरा कापायचा, एका दमात प्यायचं. चव म्हणजे सुंठ, ज्येष्ठमध आणि पावसात भिजलेलं गोणपाट. गार पाणी, दारू आणि मैदा वर्ज्य.

सुयांचं सांगते. नाकपुडीच्या दोन्ही बाजूंना, जिथे गालाची घडी सुरू होते, तिथे एकेक. त्या जागेचं नाव 'यॉंगह्यांग', सुगंधाचं स्वागत. सुई केसाएवढी, पण टोचली की डोळ्यांतून घळाघळा पाणी. शिवाय अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. वर तांबडा दिवा लावून वैद्य पडदा ओढून गेला आणि मला शिंक आली. नाकाला सुया, हाताला सुया. हात उचलता येईना, शिंक अडेना. शेवटी आली. एक सुई उडून दिव्यावर टण्णकन वाजली. पडद्यापलीकडच्या आजी खो खो हसत सुटल्या.

पण नाक उघडलं हो! तिसऱ्या दिवशी दोन्ही नाकपुड्या. रात्री तोंड मिटून झोपले. म्हणजे झोपले नाही, झोप लागत नाहीये, छातीत धडधडतं आणि माउसवर बोटं थरथरतात. पण श्वास काय सुरेख येतोय.

कानघशी
थांबा. काढ्याचं नाव काय? त्यात 'माह्वांग' आहे का विचारा. आजच विचारा. आणि बीपी मोजा.

कडूकिराईत
हेच लिहायला आलो होतो. माह्वांग म्हणजे एफेड्रा, आम्ही ज्याला सोमकल्प म्हणतो त्याच कुळातलं.

आजीची_कुंची
अगं बाई. काय झालं कळव गं लगेच.

सुवॉनकरीण
मोजलं, १५२/९६. एरवी १३० च्या आसपास असतं. काढा 'सोचॉन्ग्न्योंगतांग', लहान निळा ड्रॅगन. माह्वांग आहे.

पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर बीपीच्या रकान्यात मी खूण केली होती. फॉर्म दोन पानांचा, खूण दुसऱ्या पानावर. पान कोणी उलटलंच नाही. पाय गार पडतात का हे तीनदा विचारलं आणि हे नाही! काढा बंद केलाय. उद्या जाऊन भांडणार आहे, कोरियन भाषेत भांडायचे शब्द आजच शेजारणीकडून घेतले.

पुरावा_दाखवा
'सांगितलं होतं' असं म्हणायची प्रचंड इच्छा आवरतोय. ताई, काळजी घ्या.

कानघशी
म्हणजे नाक उघडलं ते फुप्फुस ऊबदार झालं म्हणून नाही. एफेड्रिन रक्तवाहिन्या आवळतं, वळ्या ओसरतात, नाक मोकळं. नाकाचंच काय, ते हृदयाचंही काम वाढवतं. १८८५ मध्ये जपानमध्ये नागाई यांनी याच वनस्पतीतून ते वेगळं काढलं. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन त्याचंच भावंड. म्हणजे ताई, तुम्ही निळ्या ड्रॅगनच्या वेशातली सर्दीची गोळी रोज दोनदा घेत होतात.

ह्यूस्टनवासी
इथे २००४ मध्ये एफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदीच आली. वजन उतरवायला घ्यायचे लोक.

कडूकिराईत
@कानघशी, एक तक्रार. औषध लागू पडलं म्हणजे ते 'खरं तर तुमचंच', आणि बाधलं म्हणजे 'यांचं', असं होतंय. चूक वनस्पतीची नाही, पान न उलटणाऱ्याची आहे. रुग्णाचं बीपी न विचारता गोळी लिहून देणारे तुमच्यातही आहेत.

कानघशी
मान्य. आहेत.

सुवॉनकरीण
वैद्याशी बोलणं झालं. भांडायची वेळच आली नाही. त्याने फॉर्म काढला, दुसरं पान उलटलं, कानापर्यंत लाल झाला आणि उभं राहून कमरेत वाकला. उरलेली पाकिटं परत घेतली. नवीन काढ्यात माह्वांग नाही, 'शिनी' आहे. शिनी म्हणजे मॅग्नोलियाची न उमललेली कळी. त्याने बरणीतून एक हातावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी, करडी, लवदार, थेट रंगाच्या ब्रशचं टोक. ही लव घशाला खाजते म्हणून कळ्या फडक्यात बांधून उकळतात. वास किंचित कापरासारखा.

आणि मफलर बांधायला सांगितला. वारा मानेमागून शिरतो म्हणे, तिथल्या जागेचं नावच 'वाऱ्याचं तळं'. माझ्या आजीने माकडटोपी घालायला लावताना हेच कारण दिलं होतं, फुकट.

बार्देसकार
मॅग्नोलिया म्हणजे आपला सोनचाफाच की! वनस्पतिशास्त्रात तो आता त्याच वंशात आहे. आमच्या दारात झाड आहे, कळ्या पाठवू?

कडूकिराईत
@बार्देसकार, भावंडं झाली तरी गुण एकच असतात असं नाही. चाफा वेणीतच ठेवा.

आजीची_कुंची
मुलाला दाखवून आले. ॲडिनॉइडच निघाले. सध्या स्प्रे दिलाय, तीन महिन्यांनी परत बघणार. सासूबाईंना @कानघशींचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर म्हणाल्या, मी तरी हेच म्हणत होते.

रंकाळ्यावरचा
ताई, नाकाचं काय झालं शेवटी? का धागा ड्रॅगनसंगं गेला उडून?

सुवॉनकरीण
@रंकाळ्यावरचा, दीड महिन्याने येतेय, सॉरी.

मधल्या काळात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडेही गेले. ॲलर्जी धुळीतल्या माइटची (सूक्ष्म किडे) आणि बर्च झाडाच्या परागांची. नाकाचा पडदाही थोडा डावीकडे वाकडा, पण ऑपरेशन लागेल इतका नाही. स्टिरॉइडचा स्प्रे रोज, मिठाच्या उकळलेल्या पाण्याने नाक धुणं, गादीला बंद खोळ. शिनीचा काढा वीस दिवस घेतला. फरक पडला असेल तर मला कळला नाही, आणि स्प्रे त्याच आठवड्यात सुरू केल्यामुळे आता कळणारही नाही. पुढे घेतला नाही. बीपी परत १२८ वर.

शिंका सकाळी तीन-चार. नाक आठातल्या सहा रात्री उघडं. परवा संध्याकाळी फोडणी टाकली आणि हिंगाचा वास आला. गेल्या सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. गॅस बंद करून तशीच उभी राहिले कढईवर नाक धरून.

सुया मात्र चालू ठेवल्यात, एक आड शनिवारी. त्याने नाकाला काय होतं ते ठाऊक नाही, पण पडदा ओढला की वीस मिनिटं मला कोणी हाक मारत नाही. आणि त्या शेजारच्या आजी आता मी आत गेले की आधी विचारतात, आज शिंकणार का?

आगाऊ_कार्टा
मग? शिंकलात का?